मुलगी कशी आहे

आमच्या घरात रेफरन्स हा शब्द इंग्रजी आहे असं कुणाला वाटतच नव्हतं. मीठ, मिरची, जवळा, तसा रेफरन्स. "त्याचा पोऱ्या लागला ना कामाला." "लागंल नाय तर काय, शेठचा रेफरन्स हाय त्याला." असं बोलणं रोज ओटीवर चालायचं. गावाजवळच्या कंटेनर यार्डात नोकरी लागायची ती रेफरन्सने, आणि रेफरन्स म्हणजे शेठ. यार्डाला माणसं पुरवायचं कंत्राट त्यांच्याकडे होतं. माझे बाबा यार्डाच्या गेटवर सिक्युरिटीला होते ते शेठच्याच शब्दावर, आणि त्या एका शब्दाची परतफेड ते माझ्या जन्माआधीपासून करत आले होते. शेठकडे पूजा असली की खुर्च्या लावायला बाबा, पंगतीत वाढायला बाबा, मांडव उतरवायलाही बाबा. रस्त्यावर शेठच्या गाडीचा हॉर्न वाजला की घरात जेवायला बसलेले बाबा अर्धे उठायचे. गाडी पुढे निघून जायची, मग ते पुन्हा बसायचे. आईच्या हातून पुढची भाकरी त्यांच्या ताटात जरा जोरात पडायची.

आमचं गाव जासईच्या अलीकडे. घरामागे पूर्वी भाताची शेतं होती म्हणतात. मी पाहिली ती यार्डाची भिंत. दिवसभर ट्रेलरच्या ब्रेकमधून हवा सुटल्याचा आवाज, मागे घेतानाची ती पीं-पीं, आणि भिंतीपलीकडे कंटेनर खाली टेकला की जमिनीतून येणारा धक्का. त्या धक्क्याने फडताळातली भांडी किणकिणायची आणि पाहुणेमंडळी दचकायची; आम्हाला ऐकूही येत नसे. आई गच्चीवर जवळा वाळत घालायची तेव्हा त्यावर जुनं पातळ अंथरायची, नाहीतर धुळीने तो करकरायचा. तरी थोडा करकरायचाच. आता मी कुठे सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली आणि ती दाताखाली अजिबात करकरली नाही, तर मला ती दुसऱ्या कुणाची तरी वाटते. ही चटणी आणि तांदळाची भाकरी खाऊन मी सकाळी एसटीने पनवेलच्या कॉलेजला जायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. एसटीत बसल्यावर मी माझ्या बोलण्यातले गळालेले सगळे 'ह' एकेक करून परत जागेवर ठेवायची. गावात आमी, तुमी; पनवेलला उतरले की आम्ही, तुम्ही. संध्याकाळी परतताना एखादा 'ह' चुकून तसाच राहिला तर आई म्हणायची, "मॅडम आल्या वाटतं."

दुसऱ्या वर्षापासून मी कॉलेज सुटल्यावर इक्बालचाचांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसू लागले. तहसील कचेरीच्या बाजूच्या गल्लीत ते दुकान होतं. चाचा उरणकडचे, कोकणी मुसलमान. बरीच वर्षं कुवेतला स्टोअरमध्ये काम करून परत आले होते आणि साठवलेल्या पैशांतून हे दुकान टाकलं होतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, प्रतिज्ञापत्रांचं टायपिंग, सरकारी भरतीचे ऑनलाइन फॉर्म. दुकानात मी फार बोलायची. बोलावंच लागायचं. कचेरीत आत गेल्यावर कुणी हाकलून देऊ नये म्हणून कुठला कागद वर हवा, कुठल्यावर सही राहिली, हे लोकांना ओरडून सांगावं लागायचं. एका वकिलांचे कारकूनकाका रोज सगळ्यांच्या डोक्यांवरून गठ्ठा पुढे करायचे. "आमचं आधी. कोर्टात पुकारा होईल." मी म्हणायची, "पुकारा तुमच्या साहेबांचा होईल काका, तुमचा नाही. मागे या." चाचा कपाळाला हात लावायचे. "बेटा, जबान सांभाळ. गिऱ्हाईक आहे ते."

पण माझ्या वर्गातल्या मुली नोट्स घेऊन आल्या की माझा आवाज जायचा. मी मशिनच्या मागे काहीतरी शोधल्यासारखी खाली वाकायची आणि त्या जाईपर्यंत वाकलेलीच राहायची. चाचांना वाटायचं कागद अडकला. ते म्हणायचे, "राहू दे, मी बघतो."

शेवटच्या वर्षी आमच्या सरांनी नोकरी कशी शोधावी यावर एक तास घेतला होता. चप्पल-बूट स्वच्छ हवेत, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून बोलावं, अर्जात खोटं लिहू नये आणि खरं असेल ते लपवू नये. बाकीची मुलं मागे हसत होती, त्यांना हे घरीच माहीत असावं. मी एकेक शब्द उतरवून घेतला. घरी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "आमी काय सांगनार तुला, बाय. यातला आमाला काय कळत नाय. सर सांगतात तसं कर." तरी अर्ज लिहायला बसले तेव्हा अनुभवाच्या जागी मी 'फ्रेशर' लिहिलं. झेरॉक्सच्या दुकानाला कोण अनुभव म्हणेल, असं मी स्वतःला समजावलं. खरी गोष्ट अशी की ते दुकान मला पदवीच्या शेजारी बसलेलं नको होतं.

परीक्षा झाली, निकाल लागला, आणि बरेच महिने काहीच झालं नाही. मी आता दिवसभर दुकानात असायची आणि दुसऱ्यांचे नोकरीचे फॉर्म भरायची. घरी कुणी काही विचारत नसे, पण एके दिवशी आई भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "रविवारी शेठच्या नातवाचा बारसा हाय. बाबा तुझा शब्द टाकनार हायत." बाबा भिंतीकडे बघत बसले होते. मी म्हटलं, मला नको शेठची नोकरी. ते म्हणाले, "मना तरी कुटं पायजे? पन असं कवरं दिवस बसनार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "एकदा का त्याच्याकडं मागलास, का तुला पन उभं राहावा लागंल. मी हाय तसा." त्यांनी माझ्यासमोर हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं होतं. आईचा हात परातीत थांबला.

त्याच आठवड्यात मला मुलाखतीचं बोलावणं आलं. बुधवारी, नवीन पनवेलमधल्या एका ऑफिसात. रविवारच्या आत काही झालं तर बाबांना तोंड उघडावं लागणार नव्हतं. चाचांकडे रजा मागायची होती आणि कशासाठी ते सांगायची लाज वाटत होती. दोन वर्षं ज्यांनी रोज स्वतःच्या डब्यातलं मला दिलं त्यांना, मी तुम्हाला सोडून जायला बघतेय, हे कसं सांगायचं? मी म्हटलं, "उद्या घरी पाहुणे येणार आहेत." चाचांनी माझ्याकडे नीट पाहिलं, हसले आणि म्हणाले, "जा, जा. चांगली साडी नेस." ते का हसले हे मला कळलं नाही.

ऑफिसात काच इतकी होती की कुठून आत जायचं ते समजेना. सामंत मॅडमनी मुलाखत घेतली. पुण्याच्या असाव्यात, शांत बोलत होत्या. काम त्यांनी सरळ सांगितलं. कुणाचा ट्रेलर कुठे अडकला, गेटपास का निघाला नाही, हे दिवसभर फोनवर ड्रायव्हरांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना विचारायचं आणि ज्यांचा माल आहे त्यांना सांगायचं. "लोक ओरडतात," त्या म्हणाल्या. "दोन मुलींमधून एक घ्यायची आहे. शनिवारपर्यंत कळवू." मग माझा फॉर्म उलटवून त्या थांबल्या.

"रेफरन्समध्ये तुम्ही 'नाही' लिहिलंय."

सरकारी फॉर्ममध्ये असा रकाना मी पाहिलेला नव्हता. इथे तो पाहिला तेव्हा मला त्यांची चीड आली होती. इतकं उघड विचारतात, असं वाटलं होतं. मी ताठ बसले. "हो मॅडम. माझा कुणाचाही रेफरन्स नाही. मी कुणाच्या ओळखीने आले नाही आणि कुणाच्या पाया पडणार नाही."

मॅडमच्या बाजूला बसलेला ऑफिसातला मुलगा खाली बघून हसला. मॅडम हसल्या नाहीत, ते जास्त लागलं. "अहो, वशिला नाही विचारत मी," त्या म्हणाल्या. "तुमचं काम ज्यांनी पाहिलंय असं कुणीतरी. आम्ही फोन करून दोन गोष्टी विचारतो, एवढंच."

माझे कान गरम झाले. इतकी वर्षं घरात जो शब्द आम्ही मिठासारखा वापरला, त्याचा हा अर्थ होता. मी म्हटलं, माझं काम कुणी पाहिलेलं नाही. त्या म्हणाल्या, "कुठेच काही केलं नाहीत? सुट्टीतसुद्धा?" मी टेबलाकडे बघून म्हटलं, "झेरॉक्सच्या दुकानात बसते."

"किती दिवस?"

"दोन वर्षांच्या वर झाली."

"मग लिहिलं का नाही?"

मी चाचांचा नंबर दिला आणि बाहेर पडले. आता माझ्याकडे कॉलेजातली मुलं सल्ला विचारायला येतात तेव्हा मी त्यांना सांगते, ज्याचं नाव देणार असाल त्याला आधी जाऊन भेटा. कुठली नोकरी आहे, काय काम आहे, ते सांगा, फोन येईल म्हणून सांगा. मुलं मान डोलावतात. त्यांना हा शिष्टाचार वाटतो. मी त्या दिवशी बस स्टँडवर उभी राहून चाचांचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. उद्या समोर बसून सांगू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात पोचले तर चाचांनी माझ्यासाठी चहा आणि खारी मागवून ठेवली होती. "ये, ये. काम नंतर. काल फोन आला होता, तुझ्या पाहुण्यांचा."

"कुणाचा?"

"लाजू नको. बाई होत्या, शिकलेला आवाज. पोराची आत्या असणार. अशी उलटतपासणी आत्याच घेते. म्हणाल्या, करुणाबद्दल विचारायचं होतं, मुलगी कशी आहे?"

मी खारी बशीत ठेवली. "तुम्ही काय सांगितलंत?"

"मी तीन पुतण्यांची लग्नं जमवलीत, मला काय विचारतेस? म्हटलं, मुलगी म्हणजे गरीब गाय. मान वर करून बोलत नाही. दोन वर्षांत तिचा आवाज शेजारच्या दुकानात गेला नाही." शेजारचा पासपोर्ट फोटोवाला हे ऐकून खोकला. चाचांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "विचारलं, फोनवर बोलणं कसं आहे? म्हटलं, तौबा, फोनला हातसुद्धा लावत नाही. मग म्हणतात, प्रेशर कसं हँडल करते? आता हे जरा जास्तच झालं, पण म्हटलं, प्रेशर नाही, शुगर नाही, चष्मासुद्धा नाही. मग, किती वर्षं टिकेल. असं विचारतात का कुणी? तरी मी गोडीत घेतलं. म्हटलं, एकदा तुमच्या घरी आली की मरेपर्यंत परत जायची नाही. आणि नोकरीचं काहीतरी म्हणत होत्या, तर सांगितलं, नोकरीचा तिचा काहीच हट्ट नाही. तुम्ही नको म्हणालात तर घरी बसेल."

ते इतके खुश होते की मला आधी त्यांचीच दया आली. हल्ली मीच कामासाठी असे फोन करते, आणि माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: मी नोकरीसाठी विचारतेय, लग्नासाठी नाही. ऑफिसातली पोरं हसतात, मीही हसते. त्या सकाळी मला हसू आलं नाही. मला शेठचा मांडव दिसत होता आणि त्यात शब्द टाकायला वाट बघत उभे असलेले बाबा.

"चाचा, पाहुणे नव्हते," मी म्हटलं. "त्या ऑफिसातल्या मॅडम होत्या. मी नोकरीसाठी गेले होते."

चाचांचा चेहरा लगेच बदलला नाही. हसू तसंच राहिलं आणि त्यातून हळूहळू जीव गेला. मशिन चालू होतं, कुणाचीतरी पानं एकावर एक पडत होती. "मला सांगायचंस ना," ते म्हणाले. "मी नको म्हटलं असतं का?"

मी मशिनमधून पडलेली पानं गोळा करू लागले.

"तिथे दुकानाचं नाव लिहिलं होतंस?"

"नाही."

त्यांनी मान वर करून आपल्याच दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, आतून, म्हणजे पाटीच्या उलट्या बाजूकडे. "ठीक आहे," ते म्हणाले. "लिहिण्यासारखं काय आहे त्यात." ते रागावले असते तर बरं झालं असतं. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "पण मी तर तुझे सगळे ऐब झाकले. स्थळाला कुणी सांगतं का, मुलगी भांडकुदळ आहे म्हणून?"

"तिथे तेच काम आहे, चाचा. दिवसभर फोनवर भांडायचं."

"त्याचा पगार देतात?"

"देतात."

चाचांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. "लाव तो नंबर. आणि स्पीकरवर लाव, मला नीट ऐकू येत नाही." दुकानात चार-पाच गिऱ्हाईकं होती, कारकूनकाका त्यांचा गठ्ठा घेऊन मागेच उभे होते. मला आत्ता नको, नंतर, असं म्हणायचं होतं. चाचांनी स्वतःच बटण दाबलं.

"मॅडम, काल मी जे सांगितलं ते खोटं," ते म्हणाले. "नाही, नाव खरं आहे. बाकी खोटं. मी समजलो तुम्ही पोराच्या आत्या." चाचा घाईने पुढे गेले. "ती गाय वगैरे काही नाही. फार बोलते. लहान-मोठा बघत नाही. कचेरीतला साहेब असो नाहीतर वकील असो, रांग म्हणजे रांग. फोनवर तर विचारू नका. गेल्या महिन्यात इंकवाल्याने माल पाठवला नाही तर असं काही बोलली त्याला, की तो स्वतः रिक्षाने घेऊन आला."

"मला रोज मागे पाठवते, मॅडम," कारकूनकाका मागून ओरडले. "वाटल्यास प्रतिज्ञापत्र करून देतो. इथेच टाइप होईल." सगळं दुकान हसलं. पलीकडून मॅडमच्याही हसण्याचा आवाज आला असावा. नक्की सांगता येत नाही.

मग त्या म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही फोन केलात. मला काल काही कळेचना. पण एक विचारते. ती दुसरी नोकरी बघतेय हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. काल खोटं बोललो अशी त्यांनी नुकतीच चारचौघांत कबुली दिली होती. "ठाऊक होतं म्हणजे काय, मॅडम," ते म्हणाले. "मीच पाठवलं तिला. शिकलेली मुलगी, या मशिनपाशी किती दिवस बसणार?"

"मग तिने फॉर्ममध्ये तुमचं दुकान का नाही लिहिलं?"

"तेही मीच म्हटलं, नको लिहू. केवढंसं दुकान ते."

मॅडम म्हणाल्या, त्यांना अशीच कुणीतरी हवी होती. नोटीस किती दिवसांची द्यावी लागेल? चाचा गोंधळले. "नोटीस आम्ही टाइप करतो मॅडम, देत नाही," ते म्हणाले. आणि मग, अर्थ लक्षात आल्यावर, "कधीपासून पाहिजे तुम्हाला? सोमवार? सोमवारी येईल."

म्हणजे रविवारी बाबांना काही मागायचं नव्हतं. बारशाला जायचं, बाळाच्या हातात पाकीट ठेवायचं, जेवून घरी यायचं. हे मला त्याच क्षणी कळलं आणि आनंद व्हायला हवा होता. तो नंतर झाला, एसटीत, आणि घरी आईने माझ्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला तेव्हा. दुकानात मात्र मला कुणाच्याच तोंडाकडे बघता येईना. मॅडमच्या फॉर्मवर मी चाचांचं दुकान लिहिलं नव्हतं आणि चाचांना माझी नोकरी सांगितली नव्हती. दोन्हीकडची लाज त्यांनी एका फोनमध्ये स्वतःच्या अंगावर घेतली होती, तीही केवढंसं दुकान म्हणून. मी आभार मानायला तोंड उघडलं तर माझ्या तोंडून "चाचा, मना..." एवढंच आलं, गावातलं.

"झालं का?" कारकूनकाकांनी गठ्ठा पुढे केला. "दोन सेट. आज तरी आधी घे."

मी कागद घेतला, काचेवर ठेवला, झाकण लावलं. पान तिरकं आलं, अर्धी सही कापली गेली. चाचांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, चुरगळून टोपलीत टाकलं, झाकण उघडून मूळ कागद कडेला नीट लावून दिला आणि म्हणाले, "परत मार."